संकासुर यायच्या आधी: जत्रेचं रेकॉर्डिंग कमांड लाइनवरून कसं जपायचं

कोकणातल्या जत्रेत होणाऱ्या दशावतारी नाटकात गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती आटपली की संकासुर येतो. वेद पळवून समुद्रात लपवणारा तो हाच. पोरं हसत पुढे सरकतात, म्हातारी माणसं सावरून बसतात. मी गेली काही वर्षं तिथे रेकॉर्डर घेऊन बसतो, त्यामुळे माझ्या डोक्यात दर वेळी भलतंच येतं. ब्रह्मदेवाने दुसरी प्रत काढून ठेवली असती तर मत्स्यावताराची वेळच आली नसती.

हे नुसतं गमतीचं नाही. दशावताराचे संवाद लिहिलेले नसतात. आख्यान ठरतं, कोण काय होणार ते ठरतं, बाकी नट उभ्या उभ्या बोलतो. वालावलला झालेलं नाटक तीच मंडळी चार दिवसांनी मठ गावात करतील, पण बोलणं तेच नसेल. फाइल गेली तर ती रात्र गेली.

यंदा कुडाळच्या भाच्यानेही रेकॉर्डर घेतला. बॅकअप कसा घ्यायचा ते मी त्याला फोनवर सांगत होतो आणि तो कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहून घेत होता. ते पान आता वाचता येत नाही, म्हणून हा लेख. कमांड मी फोनवर सांगितल्या तशाच, उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप करताना कमांड, डॅशनंतरची अक्षरं, आकडे आणि टिंबानंतरचं शेपूट इंग्रजीत आणि लहान लिपीत. जिथे 'मोठा' म्हटलंय तिथेच कॅपिटल. फोल्डरची नावं देवनागरीत ठेवली तरी चालतात. त्याबद्दल पुढे येईलच.

माझा लॅपटॉप जुना आहे आणि त्यावर उबंटू नावाचं लिनक्स आहे. मॅकवर यातलं बहुतेक सगळं चालतं. विंडोज १० मध्ये २०१८ पासून फाइली एकत्र बांधणारं टार आयतंच येतं, पण फाइलींच्या प्रती उतरवणाऱ्या आरसिंकसाठी लिनक्सची सबसिस्टिम घालावी लागते.

आधी किती आहे ते मोजा

जत्रांच्या फोल्डरमध्ये जाऊन:

डीयू -एसएच *
डीएफ -एच

पहिली कमांड प्रत्येक फोल्डर किती जागा खातो ते सांगते, दुसरी कुठल्या डिस्कवर किती मोकळी जागा आहे ते. हिशेब हातानेही येतो. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ म्हणजे सेकंदाला २,८८,००० बाइट, म्हणजे तासाला साधारण १ जीबी. नाटक सहा तास चाललं तर ६ जीबीच्या वर. हंगामात वीस रात्री बसलात तर सव्वाशे जीबी. डिस्क घेताना याच्या तिप्पट धरा.

नावं

फाइलचं नाव वर्षापासून सुरू करा: २०२४-१२-०३-वालावल-०१. असं केलं की यादी आपोआप तारखेच्या क्रमाने लागते. नावात मोकळी जागा सोडू नका, डॅश घाला. मोकळी जागा आली की कमांड एका नावाची दोन नावं समजते आणि मग अवतरणचिन्हं घालत बसावं लागतं.

देवनागरी नावांत दोन खोडे आहेत. लिनक्सवर फाइलच्या नावाला २५५ बाइटांची मर्यादा असते आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. काना, वेलांटी, हलन्तसुद्धा वेगळे मोजले जातात. म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं. नावातच सगळ्या नटांची यादी घालायची सवय असेल तर अडाल.

दुसरा खोडा खास मराठी आहे. 'किनाऱ्यावर' यातला ऱ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एकसंध ऱ, किंवा र आणि खाली नुक्ता. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण लिनक्सच्या लेखी ती दोन वेगळी नावं. जुन्या मॅकची फाइल व्यवस्था नावं तोडून ठेवते, म्हणजे दुसऱ्या तऱ्हेने. तिथून आणलेली फाइल लिनक्सवरच्या त्याच नावाच्या फाइलशी जुळत नाही, आरसिंक ती नवी समजून परत उतरवतो आणि तुमच्याकडे जुळी भावंडं होतात. आरसिंकमध्ये नावं बदलून घ्यायची सोय आहे, पण मी सोपी वाट धरली. फाइलच्या नावात ऱ येऊच देत नाही. 'किनारा' लिहितो.

कार्डावरून उतरवणं

माउसने ओढून टाकू नका. मध्येच लाईट गेली तर कुठली फाइल पूर्ण आली आणि कुठली अर्धी, ते कळत नाही. आरसिंक वापरा: आर, एस, वाय, एन, सी. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी तो १९९६ मध्ये आणला आणि आजही त्याला तोड नाही.

आरसिंक -एव्ही /एमएनटी/कार्ड/ जत्रा/वालावल/

'ए' म्हणजे फोल्डरच्या आतले फोल्डर, तारखा, परवानग्या सगळं जसंच्या तसं. 'व्ही' म्हणजे काय चाललंय ते दाखव. उबंटूवर कार्ड सहसा मीडिया या फोल्डरखाली तुमच्या नावाच्या आत दिसतं, तेव्हा पत्ता तसा बदलून घ्या. आरसिंक फाइल आधी तात्पुरत्या लपवलेल्या नावाने लिहितो आणि पूर्ण झाली की खरं नाव देतो. त्यामुळे लाईट गेली तरी खऱ्या नावाखाली अर्धवट फाइल उरत नाही. लाईट आली की तीच कमांड परत द्या, झालेल्या फाइली तो सोडून देतो.

शेवटच्या तिरक्या रेघेकडे लक्ष द्या. 'कार्ड/' लिहिलंत तर कार्डाच्या आतलं सगळं जातं. नुसतं 'कार्ड' लिहिलंत तर तिकडे कार्ड नावाचा फोल्डर तयार होऊन त्याच्या आत जातं. भाच्याने एकदा असं, एकदा तसं केलं आणि मग मला फोन: "मामानू, सगळा दोनदा दिसता." दिसणारच.

उतरवून झालं की यादी करा. या कमांडचं नाव एस, एच, ए, मग २५६, मग एस, यू, एम, सगळं जोडून:

शा२५६सम *.डब्ल्यूएव्ही > यादी.टीएक्सटी

प्रत्येक फाइलसमोर ६४ अक्षरांचा ठसा येतो. फाइलमधला एक बिट बदलला तरी ठसा पार बदलतो. पुढे कधीही, कुठल्याही डिस्कवर:

शा२५६सम -सी यादी.टीएक्सटी

प्रत्येक नावासमोर 'ओके' यायला हवं. 'फेल्ड' आलं तर ती प्रत बाद. ही यादी करायला दहा मिनिटं लागतात आणि बाकीचा सगळा डोलारा तिच्यावर उभा असतो. एवढी एक पायरी केलीत आणि पुढचं काहीच केलं नाहीत तरी निदान काय बिघडलं ते तुम्हाला कळेल. यादी झाल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही.

दुसऱ्या डिस्कवर, आणि माझी चूक

दुसरी प्रतही आरसिंकनेच, पण आधी रंगीत तालीम:

आरसिंक -एव्हीएन जत्रा/ /एमएनटी/डिस्क/जत्रा/

'एन' घातला की तो काहीच करत नाही, फक्त काय करणार ते सांगतो. यादी वाचा, मग 'एन' काढून परत द्या. डिस्कची फाइल व्यवस्था फॅट३२ किंवा एक्सफॅट असेल तर 'ए' ऐवजी 'आरटी' वापरा, नाहीतर परवानग्या लावता येत नाहीत म्हणून कुरकुर करत बसतो. फॅट३२ वर वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्याने नोंदली जाते, त्यामुळे तीच फाइल पुन्हा पुन्हा नवी वाटते. तिथे 'डॅश डॅश मॉडिफाय-विंडो=१' जोडा.

आता 'डॅश डॅश डिलीट'. हे जोडलं की मूळ जागी जे नाही ते दुसऱ्या प्रतीतूनही पुसलं जातं. दोन्हीकडे तंतोतंत सारखं राहतं, म्हणून मोह होतो. मलाही झाला. माझी मूळ रेकॉर्डिंगं एका बाहेरच्या डिस्कवर होती आणि रोज चालणाऱ्या कमांडमध्ये मी डिलीट घालून ठेवलं होतं. आमच्याकडे खारी हवा, यूएसबीच्या पिनांवर हिरवट थर धरतो. एका रात्री मूळ डिस्क सुटली. तिच्या जागी उरला रिकामा फोल्डर. आरसिंकने बघितलं, मूळ जागी काही नाही, आणि आज्ञाधारकपणे बॅकअप रिकामा केला. त्याला ही चूक वाटलीच नाही, कारण रिकामा फोल्डर हा काही बिघाड नव्हे. मूळ डिस्क घासूनपुसून परत लागली, पण तीन रात्रींचा फोल्डर तिच्यावरून वाचेना. तिसरी प्रत तेव्हा मी ठेवत नव्हतो.

तेव्हापासून मूळ डिस्कवर 'खूण' नावाची एक रिकामी फाइल ठेवली आहे आणि कमांड अशी:

टेस्ट -एफ /एमएनटी/मूळ/खूण && आरसिंक -एव्ही --डिलीट --मॅक्स-डिलीट=२० /एमएनटी/मूळ/ /एमएनटी/डिस्क/

टेस्ट म्हणजे ती फाइल आहे का बघ. दोन अँपरसँड म्हणजे असेल तरच पुढे जा. डिस्क सुटली असेल तर खूण सापडत नाही आणि गाडी तिथेच थांबते. वर वीसपेक्षा जास्त फाइली पुसायच्या नाहीत, असा दुसरा बांध. खरं तर डिलीट घालूच नका, जागा कमी पडेपर्यंत तरी. मी घालतो, कारण मला खोड आहे.

टार: पेटी भरणं

आवाजाच्या फाइली मोठ्या आणि थोड्या. त्यांच्याबरोबर बारीकसारीक शेकडो गोष्टी असतात: जत्रेच्या हँडबिलांचे फोटो, आख्यानांच्या नोंदी, नटमंडळींची नावं. त्या एकत्र बांधायला टार. १९७९ च्या युनिक्समध्ये तो आला, टेपवर लिहिण्यासाठी, म्हणून नावात टेप. पेटीत आंबे लावतात तसं एकामागून एक फाइल लावतो. पेटी भरली म्हणून आंबे लहान होत नाहीत, तसं टारनेही आकार कमी होत नाही. उलट प्रत्येक फाइलला ५१२ बाइटांची चिठ्ठी लागते, म्हणून किंचित वाढतोच. दाबायचं काम वेगळा प्रोग्राम करतो. 'झेड' लिहिलं की टार ते जीझिपकडे सोपवतो.

टार -सीझेडएफ नोंदी.टार.जीझेड नोंदी
टार -टीझेडएफ नोंदी.टार.जीझेड
टार -एक्सझेडएफ नोंदी.टार.जीझेड -मोठा सी /टीएमपी/तपास

'सी' बांधतो, 'टी' न उघडता आतली यादी दाखवतो, 'एक्स' सोडतो. तिसऱ्या ओळीतला मोठा सी कुठे सोडायचं ते सांगतो. तो फोल्डर आधी तयार हवा. कुठल्याही अनोळखी टारवर आधी 'टी' चालवा, मगच 'एक्स'. नाहीतर दोनशे फाइली चालू फोल्डरमध्ये विखुरतात आणि वेचत बसावं लागतं.

'एफ' नेहमी शेवटी, कारण त्याच्या लगेच पुढे फाइलचं नाव यावं लागतं. 'सीएफझेड' लिहिलंत तर टार 'झेड' नावाचीच फाइल बनवतो आणि खरं नाव सापडत नाही म्हणून ओरडतो. हे मी आजही अधूनमधून करतो.

बांधून झाल्यावर 'टार -डीएफ' दिलंत तर पेटीतलं आणि डिस्कवरचं तो ताडून बघतो. काही बोलला नाही म्हणजे सगळं जुळलं.

दाबणं: आंबा आणि साठं

इथे लोकांची सगळ्यात जास्त गल्लत होते. रस आटवून साठं केलं की जागा कमी लागते, पण साठं भिजवून आंबा परत मिळत नाही. एमपी३ आणि जेपीजी हे साठं आहे. जीझिप, एक्सझेड, झेडस्टँडर्ड तसे नाहीत. सोडलं की मूळ बाइट न् बाइट परत येतो. म्हणून जत्रेचं मूळ रेकॉर्डिंग एमपी३ करून ठेवायचं नाही, आणि झालेल्या एमपी३ ला किंवा फोटोला जीझिप लावायचा नाही. साठं आणखी किती आटवणार?

मराठी मजकूर मात्र फार छान दबतो. देवनागरीच्या तीन बाइटांपैकी पहिला प्रत्येक अक्षराला तोच असतो आणि दुसरा दोनपैकी एक. इतकी पुनरावृत्ती म्हणजे जीझिपला मेजवानीच.

कुठला वापरायचा? जीझिप १९९२ चा, सगळीकडे उघडतो. एक्सझेड जास्त दाबतो पण हळू, आणि सर्वात वरच्या ९ व्या पायरीवर दाबताना जवळजवळ पावणेसातशे एमबी मेमरी मागतो. माझा लॅपटॉप त्यात गुडघे टेकतो. झेडस्टँडर्ड २०१६ चा, यान कोले यांचा, वेगाला उत्तम. नोंदींसाठी मी जीझिपवरच आहे, कारण वीस वर्षांनी ही पेटी कोण कशावर उघडेल कोण जाणे. एक सावधगिरी: टारशिवाय नुसता जीझिप फाइलवर चालवला तर तो मूळ फाइल काढून टाकतो. राहू द्यायची असेल तर 'जीझिप -के'.

आवाजासाठी यातलं काहीच नको. फ्लॅक वापरा:

फ्लॅक -८ --व्हेरिफाय --कीप-फॉरेन-मेटाडेटा *.डब्ल्यूएव्ही

आवाजाची घडण ओळखून तो दाबतो, पुष्कळदा निम्म्याच्या आसपास आणतो, आणि तरी काही गाळत नाही. व्हेरिफाय म्हणजे दाबता दाबता परत सोडून ताडून बघ. शेवटचा पर्याय रेकॉर्डरने फाइलमध्ये लिहिलेली तारीख-वेळ जपतो. मूळ फाइल तो आपण सांगितल्याशिवाय पुसत नाही. नंतर 'फ्लॅक -टी' ने तपासा आणि फ्लॅक फाइलींचीही शाची यादी करा.

सगळ्या फ्लॅक एका टार.जीझेडमध्ये कोंबू नका. जीझिपमध्ये मध्येच एक बाइट सडला तर त्याच्या पुढचं सगळं सोडवणं कठीण. सुट्या फ्लॅकमध्ये तेवढा एक क्षण खरखरतो आणि नाटक पुढे चालू राहतं.

पेनड्राइव्ह नको म्हणतो तेव्हा

फॅट३२ पेनड्राइव्हवर एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी बसत नाही, ड्राइव्ह ६४ जीबीचा असला तरी. डब्ल्यूएव्ही प्रकारालाही तीच ४ जीबीची वेस आहे, म्हणून रेकॉर्डर रात्रीचे तुकडे करतो. मोठी फाइल न्यायचीच असेल तर:

स्प्लिट -बी ३९००एम मोठी.टार तुकडा-
कॅट तुकडा-* > मोठी.टार

स्प्लिट तुकडे करतो, कॅट ते जोडतो. जोडल्यावर ठसा ताडून बघा. एक तुकडा राहिला तरी कॅट काही बोलत नाही.

घाटाच्या पलीकडे एक प्रत

तीन प्रती, दोन तऱ्हेच्या साधनांवर, एक घराबाहेर. हा तीन-दोन-एकचा नियम पीटर क्रोग या छायाचित्रकाराने रूढ केला. कोकणात मी त्यात एक शब्द बदलतो: घराबाहेर नव्हे, घाटाबाहेर. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं तेव्हा शेजारच्या गल्लीतल्या दुकानात ठेवलेली प्रत काय कामाची होती? आणि ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली, श्रीवर्धनकडच्या कित्येक गावांत दिवसेंदिवस वीज नव्हती, टॉवर बंद होते. सगळं इंटरनेटवरच ठेवलेलं असतं तर फाइल शाबूत असूनही हाताला लागली नसती. म्हणून क्लाउड असू दे, पण डिस्कही असू दे. माझी तिसरी डिस्क कोल्हापूरला बहिणीकडे असते. वर्षातून दोनदा अदलाबदल होते, आंब्याच्या पेटीबरोबर मे महिन्यात आणि चतुर्थीला ती माहेरी येते तेव्हा.

घरची डिस्क स्टीलच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. पुड्या पावसाळ्यात दोनदा बदलतो.

सातबारा, आधार असली कागदपत्रं त्याच डिस्कवर जात असतील तर टार करून 'जीपीजी -सी' ने कुलूप लावा आणि पासवर्ड कागदावर लिहून घरात ठेवा. तो विसरलात तर कोणीही उघडून देऊ शकत नाही.

रोजचं काम क्रॉनवर, म्हणजे ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामवर, सोडता येतं: 'क्रॉनटॅब -ई' आणि त्यात '३० १४ * * *' लिहून पुढे ती खूणवाली कमांड. म्हणजे रोज दुपारी अडीच. रात्रीची वेळ ठेवू नका, लॅपटॉप बंद असेल तर क्रॉन ती वेळ सोडून देतो, मागाहून भरपाई करत नाही. चुकलेलं काम मागाहून उरकणारा ॲनाक्रॉन वेगळा मिळतो.

काढून बघा

चतुर्थीच्या आधी भाच्याला सांगितलं, तुझ्या बॅकअपवरून सगळं एका कोऱ्या फोल्डरमध्ये उतरव आणि यादी चालव. त्याला ते फुकटचं काम वाटलं. "असा तर आसा मरे," म्हणाला. तरी केलं. तासाभराने फोन आला. एकशे सत्तेचाळीस फाइलींपैकी एकशे शेहेचाळीस ओके, एक फेल्ड. मठातल्या रात्रीचा चौथा तुकडा. लॅपटॉपवरची मूळ प्रत त्याने जागा करायला मे महिन्यातच पुसली होती.

बहीण चतुर्थीला आली तेव्हा पिशवीत डिस्क होती. त्याने तिच्यावरून ती एक फाइल घेतली, परत '-सी' चालवलं आणि मला नुसता मेसेज टाकला: "गावली."